कालचा मी आणि आजचा मी : प्रगती कशी मोजावी?



वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, की घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो, "किती टक्के पडले?" गेल्या वर्षी ६२ होते आणि यंदा ६६ पडले, म्हणजे प्रगती झाली, ५९ पडले, म्हणजे घसरण झाली, असा हिशेब आपण झटकन मांडून मोकळे होतो. पण हा हिशेब पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर टिकतो का, ते पाहू.

समजा, तुम्ही अंगणात जास्वंदीचे एक रोप लावले. जानेवारीत त्याची उंची एका पट्टीने मोजली. जूनमध्ये ती पट्टी हरवली, म्हणून जिच्या खुणा जरा लांब लांब आहेत अशी दुसरी पट्टी घेतली. दोन्ही वेळा आकडा ४० च आला. रोप वाढले की नाही? नुसत्या आकड्यांवरून सांगता येणार नाही, कारण मधल्या काळात मोजपट्टीच बदलली. परीक्षेच्या गुणांचेही तसेच आहे. आठवीची प्रश्नपत्रिका निराळी, नववीची निराळी. विषय अधिक कठीण, तपासणारे शिक्षकही वेगळे. एखाद्याला दोन्ही वर्षी ६२ टक्के पडले, तरी तो जागच्या जागी उभा आहे असे नव्हे. त्या परीक्षेत तुम्ही कितपत उत्तरे लिहिलीत, हे गुण सांगतात. तुम्ही किती वाढलात, हे सांगणे त्यांचे कामच नाही.

वाढ मोजायची तर दोन गोष्टी लागतात. एक, जे मोजायचे ते काम दोन्ही वेळा तेच असावे. दोन, पहिल्या वेळची खरी नोंद जपून ठेवलेली असावी. आपल्याकडे बहुधा दुसऱ्या गोष्टीची बोंब असते! मे महिन्यात जुन्या वह्या रद्दीवाल्याकडे जातात आणि त्यांच्याबरोबर आपला 'कालचा मी'ही तराजूत पडतो.

एकच लंबक, तीन वर्षे

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीने साध्या लंबकाचा प्रयोग आठवीत, नववीत आणि दहावीत असा तीनदा केला. दोरा तोच, धातूची गोळीही तीच, आणि नोंदी एकाच वहीत. लंबकाची लांबी आणि एका आंदोलनाला लागणारा वेळ, म्हणजे आवर्तकाल, ठाऊक असला की गुरुत्वीय त्वरण काढता येते. लांबीला ३९.४८ ने (म्हणजे 'पाय'च्या वर्गाच्या चौपटीने) गुणायचे आणि आवर्तकालाच्या वर्गाने भागायचे. महाराष्ट्रात समुद्रसपाटीला हे त्वरण सेकंदाला सेकंदामागे सुमारे ९७८.६ सेंटिमीटर इतके असते. पुढे हे एकक पुन्हा पुन्हा लिहीत नाही.

आठवीत तिने दोरा मोजला. तो ९८ सेंटिमीटर भरला. गोळी सोडली, एका आंदोलनाचा वेळ विरामघड्याळावर पाहिला आणि असे तीन वेळा केले. वेळ आला २.२, १.९ आणि २.१ सेकंद. सरासरी काढून उत्तर आले ९०६. पण सरासरी न काढता एकेका वाचनावरून उत्तर काढले, तर ते एकदा ७९९ येते आणि एकदा १०७२! हा घोळ कशाने झाला? घड्याळाचे बटण दाबताना बोटाकडून दशांश सेकंदाची घाई किंवा उशीर सहज होतो. दोन सेकंदांत दशांश सेकंद म्हणजे पाच टक्के. त्यातून आवर्तकालाचा वर्ग करायचा असल्याने उत्तरातील चूक दुप्पट होऊन दहा टक्क्यांवर जाते.

नववीत तिने मागचे पान उघडले आणि स्वतःलाच प्रश्न केला, की ही वाचने एवढी विखुरली का? कारण सापडले, तसा उपायही सापडला. एका आंदोलनाऐवजी २० आंदोलनांचा वेळ घ्यायचा. बोट चुकायचे ते तेवढेच चुकणार, पण ती चूक आता दोन सेकंदांत न पडता चाळीस सेकंदांत वाटली जाणार. वाचने आली ४०.२, ३९.९ आणि ४०.१ सेकंद. उत्तर आले ९६४. एकेक वाचन धरले तरी ते ९५८ ते ९७२ या पट्ट्यातच राहिले. केवढी सुधारणा! पण इथेच खरी गंमत आहे. वाचने आता एकमेकांशी छान जुळतात, आणि तरीही ९७८.६ हा आकडा त्या पट्ट्याच्या बाहेरच आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चुका दोन जातींच्या असतात. एक विखुरणारी : कधी जास्त, कधी कमी. ती जास्त वेळा मोजून आटोक्यात येते. दुसरी एकाच बाजूला ओढणारी. ती शंभर वेळा मोजले तरी जात नाही, कारण ती दर वेळी तशीच होते. आपली उत्तरे आपापसांत जुळली म्हणजे ती बरोबरच असतात, असे नाही.

दहावीत तिने ही दुसरी चूक शोधून काढली. लंबकाची लांबी म्हणजे नुसता दोरा नव्हे. टांगलेल्या बिंदूपासून गोळीच्या मध्यापर्यंतचे अंतर धरायला हवे. गोळीचा व्यास २ सेंटिमीटर होता, म्हणजे लांबीत १ सेंटिमीटर मिळवायला हवा होता. लांबी झाली ९९ सेंटिमीटर. या वेळी २० आंदोलनांना ४०.०, ३९.९ आणि ४०.१ सेकंद लागले. उत्तर आले ९७७, आणि तिने पुढे लिहिले, "सुमारे ५ ने कमी किंवा जास्त." खरी किंमत आता तिच्या पट्ट्यात आली.

आता मला सांगा, या तीन वर्षांतली तिची वाढ कोणती? ९०६ वरून ९७७ वर जाणे ही? मुळीच नाही. शेजाऱ्याच्या वहीतून ९८१ हा पुस्तकी आकडा उतरवून घेणारा विद्यार्थी आठवीतच तिच्या 'पुढे' असतो! तिची वाढ आहे ती तिने विचारलेल्या प्रश्नांत. आठवीत ती फक्त "उत्तर काय?" असे विचारत होती. नववीत "वाचने विखुरली का?" असे विचारू लागली. दहावीत "जुळणारी वाचनेसुद्धा चुकीची असू शकतील का?" इथपर्यंत पोचली, आणि आपल्या उत्तरावर कितपत भरवसा ठेवावा, हेही सांगू लागली. ही वाढ कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. ती दिसते फक्त त्या वहीत.

पुढच्या वर्षी काय करता येईल, तेही पाहा. दोरा ५० सेंटिमीटरचा करून २० आंदोलनांना २८.७ सेकंद लागले, तर आवर्तकालाचा वर्ग २.०५९ येतो. पहिल्या लंबकाचा ४.००० आहे. लांब्यांतला फरक ४८ सेंटिमीटर, वर्गांतला फरक १.९४१, यावरून उत्तर येते ९७६. या रीतीत गोळीची त्रिज्या मिळवली काय आणि विसरली काय, काहीच बिघडत नाही, कारण वजाबाकीत ती आपोआप नाहीशी होते! मात्र दोनच लांब्या घेतल्या, तर वेळेतली लहानशी चूकही उत्तर बरेच हलवते. म्हणून पाचसहा लांब्या घेऊन आलेख काढावा.

फॅरडेची वही

वहीचे महत्त्व कोणाकडून शिकावे, तर मायकेल फॅरडे याच्याकडून. त्याचा जन्म १७९१ चा. वडील लोहार, घरची गरिबी, शाळेचे शिक्षण जेमतेम. १८०५ मध्ये तो लंडनमधील एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवार म्हणून लागला. बांधायला येणारी पुस्तके तो वाचीही. १८१२ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्याने त्यांची टिपणे काढली, ती आकृत्यांसह स्वच्छ लिहिली, स्वतःच्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि डेव्हींकडे पाठवून दिले. १८१३ च्या मार्चमध्ये त्याला तिथेच सहायकाची जागा मिळाली. त्या टिपणांतील आकृत्याही पुस्तकबांधणीच्या काळातच घडल्या होत्या. त्याच दुकानाच्या घरात राहणाऱ्या एका चित्रकाराकडून त्याने यथार्थदर्शनाचे धडे घेतले होते. चित्रकला आणि विज्ञान यांच्यात त्याने भिंत घातली नाही.

१८२२ मध्ये त्याने आपल्या टिपणवहीत एक काम लिहून ठेवले : चुंबकत्वापासून वीज मिळवायची. मधल्या काळात त्याने प्रयत्न केले, पण हाती काही लागले नाही, आणि तसेच त्याने नोंदवले. २९ ऑगस्ट १८३१ या दिवशी लोखंडी कड्याभोवती गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांपैकी एकात प्रवाह सोडताना आणि तोडताना, दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेल्या तारेजवळची चुंबकसूची हलली. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला! पुढे त्याने आपल्या नोंदींना ओळीने क्रमांक दिले. ते १६,००० च्या वर गेले. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध शोधण्यासाठी त्याने १८४९ मध्ये केलेले प्रयोग निष्फळ ठरले, तेही तिथे आहेत. यशाइतकीच अपयशाची नोंद जपल्यामुळे आज फॅरडेचा विचार कसकसा पुढे सरकला, ते आपल्याला पायरीपायरीने पाहता येते.

चित्र, निबंध आणि हस्तलिखित

तुम्ही म्हणाल, लंबकाला निदान आकडा असतो. चित्राची किंवा निबंधाची वाढ कशी मोजायची? रीत तीच. काम तेच ठेवा आणि जुनी नोंद जपा. दर वर्षी एकाच महिन्यात जास्वंदीचे फूल समोर ठेवून चित्र काढा. पहिल्या चित्रात बहुधा 'फुलासारखे काहीतरी' असते. पुढच्यात पाकळ्या मोजून पाच येतात. त्याच्याही पुढच्यात पुंकेसरांची नळी आणि तिच्या टोकाशी फुटलेले स्त्रीकेसराचे पाच फाटे दिसू लागतात. फूल तेच आहे. बदलली ती तुमची नजर. तिन्ही चित्रे शेजारी ठेवलीत, तर कोणी टक्केवारी सांगण्याची गरज उरणार नाही.

निबंधाचा पहिला, खाडाखोडीचा मसुदा फेकू नका. तो पक्क्या निबंधाला टाचून ठेवा. शाळेच्या हस्तलिखितासाठी लेख लिहिलात, तर कोणते वाक्य का काढले, ते समासात एका ओळीत लिहा. दुर्बिणीची किंवा पवनचक्कीची प्रतिकृती केलीत, तर मोडलेला पहिला नमुना निदान कागदावर रेखाटून ठेवा. तो का मोडला, हे ज्याला सांगता येते त्याचा दुसरा नमुना सहसा टिकतो.

नोंदवहीचे चार नियम

१. दर नोंदीवर तारीख घाला.

२. चुकलेले खोडरबराने पुसू नका. त्यावर एकच आडवी रेघ मारा, म्हणजे खालचे वाचता येईल. पुष्कळदा 'चुकीचे' वाचनच पुढे खरे ठरते.

३. दर प्रयोगाच्या किंवा कामाच्या शेवटी दोन वाक्ये लिहा : आज काय कळले, आणि अजून काय कळले नाही. दुसरे वाक्य अधिक मोलाचे.

४. स्वतःच्या जुन्या पानाची तुलना स्वतःच्याच नव्या पानाशी करा. शेजाऱ्याची वही हे तुमच्यासाठी मोजमापाचे साधन नव्हे.

शिक्षकांसाठी दोन शब्द

हा लेख वाचणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. प्रयोगवहीत ९०६ लिहिणाऱ्याचे गुण कापले आणि ९८१ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले, की मुले एक धडा फार लवकर शिकतात. आकडा मोजायचा नसतो, मिळवायचा असतो, हा तो धडा. एकदा तो अंगवळणी पडला, की विज्ञान संपते आणि नक्कल उरते. त्याऐवजी "९०६ का आले?" असे विचारून त्या उत्तराला गुण देता येतील. सुबक अक्षरातील पक्क्या वहीबरोबर खाडाखोडीची कच्ची वहीही पाहावी. विद्यार्थी किती पुढे आला, हे बहुधा त्या कच्च्या वहीतच सापडते.

करून पाहा

येत्या रविवारी एक दोरा आणि एक जड नट घेऊन लंबक करा. तो फार लांब ओढू नका. झोका लहान असावा. नटाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजा. आधी १ आंदोलनाचा आणि मग २० आंदोलनांचा वेळ तीन तीन वेळा घ्या. दोन्हींवरून गुरुत्वीय त्वरण काढा आणि वाचने जशी आली तशी तारखेसह लिहा. आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर तो बदलू नका; का जुळला नाही, याविषयी तुमचा अंदाज खाली लिहा. मग ती वही रद्दीत न घालता पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा उघडा, आणि पुढचे वाचन त्याच पानाच्या समोरच्या कोऱ्या पानावर घ्या.