सागाला खत घालण्याआधी

देवास गेट, उज्जैन
आषाढ शु. 5

चि. बाळ,

तरान्याच्या शेतात सागाची रोपं लागली आणि युरियाची पोतीही येऊन पडली, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ती पोती इतक्यात फोडू नकोस.

आपली माळव्याची माती काळी, चुनखडीची. तिच्यावर युरिया नुसता फेकला आणि वर पाऊस झाला नाही, तर बरंचसं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. 45 किलोच्या पोत्यात नत्र असतं जेमतेम 21 किलो, त्यातलंही उडालं तर झाडाच्या वाट्याला काय येणार? स्फुरदाचं याच्या उलट. ते चुन्याशी बांधलं जातं आणि घातलं तिथेच अडकून बसतं. म्हणून दोन्ही खतं आळ्याच्या कडेने उथळ चरात घाल आणि मातीने झाक.

पण त्याच्याही आधी पाण्याचं बघ. मुळाला अन्न ओढून घ्यायला ताकद लागते आणि ती श्वासातून येते. श्रावणात शेतात पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, आणि खत शेजारी असूनही झाड उपाशी राहतं. सागाला हे अजिबात सोसत नाही. आधी निचऱ्याचे चर काढ, मग निंदणी कर, आणि खत त्यानंतर. तणात घातलेलं खत आधी तणच खातं.

पानं बघायची सवय लाव. खालची जुनी पानं पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर लोह मिळत नाही असं समज. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळाला घेता येत नाही. तिथे कितीही युरिया ओतलास तरी उपयोग नाही. जस्ताचंही असंच होतं. तेव्हा कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून घे आणि मात्रा त्यावरूनच ठरव.

खताचा खरा फायदा पहिल्या काही वर्षांत, फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत. पुढे साग आपली बरीचशी गरज स्वतःच भागवतो. पानं गळण्याआधी नत्र, स्फुरद, पालाश यांचा मोठा भाग तो खोडात परत ओढतो. कॅल्शियम मात्र पानातच राहतं आणि पानाबरोबर खाली येतं. हा पाचोळा गोळा करून पेटवायची आपल्याकडची रीत मला फार खुपते. आगीची भीती असेल तर बांधालगतचा पट्टा साफ ठेव, आतला पाचोळा तसाच कुजू दे.

आणि मधल्या दोन ओळी बिनखताच्या ठेव. झाडं पुरेशी उंच झाली की दरवर्षी पौषात खोडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर मोजायचा, खत घातलेल्या आणि बिनखताच्या, दोन्ही झाडांचा. आकडे मला पाठव. पुढच्या वर्षी खत घ्यायचं की नाही, ते आपण त्यावरून ठरवू.

तुझा,
काका