तापलेल्या लोखंडाचा रंग

लोहाराच्या भट्टीपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर पदार्थविज्ञानाचा एक मोठा धडा शिकायला मिळतो. लोखंड ऐरणीवर घेण्यापूर्वी लोहार त्याचा रंग पाहतो. तापत जाणारे लोखंड प्रथम मंद तांबडे दिसते, मग केशरी, मग पिवळे आणि अखेर पांढुरके. लोहाराजवळ तापमापक नसतो. त्याचे डोळे हाच त्याचा तापमापक.

पण लोखंड लाल होण्यापूर्वीही त्याची धग हाताला लागते. सूर्याची ऊब सुमारे १५ कोटी किलोमीटरांच्या पोकळीतून आपल्यापर्यंत येते, तीही अशीच. यालाच औष्णिक प्रारण म्हणतात. पदार्थातील विद्युतभारित कण उष्णतेने सतत थरथरत असतात आणि त्यातून विद्युतचुंबकीय तरंग निघतात. हे बाक, हे पुस्तक, आपण स्वतः, सारेच प्रारण सोडीत असतो. मग आपण अंधारात चमकत का नाही? वीन याने १८९३ मध्ये दाखवले की, तापमान जितके जास्त तितकी प्रबळ प्रारणाची तरंगलांबी कमी. आपल्या शरीराचे प्रारण सुमारे ९.५ मायक्रॉनच्या आसपास प्रबळ असते. ते अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० केल्व्हिन, म्हणून त्याचे प्रबळ प्रारण ०.५ मायक्रॉनचे, म्हणजे दृश्य प्रकाशाचे.

येथवर सारे सरळ होते. अडचण पुढेच होती. जुन्या सिद्धांताप्रमाणे तरंगलांबी कमी होईल तसे प्रारण वाढतच जायला हवे. तसे असते तर घरातल्या चुलीतूनही जंबुपार किरणांचा अमर्याद लोट बाहेर पडला असता! प्रत्यक्षात तसे घडत नाही.

१४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे मॅक्स प्लांक यांनी यावर तोड मांडली. ऊर्जेची देवघेव सलग होत नाही, पुंजांनी होते. आणि तरंगलांबी जितकी कमी तितका पुंज मोठा. धान्य सुटे न देता पोत्यानेच विकायचे ठरले, तर लहान पोती खपतील, मोठी दुकानातच पडून राहतील. तसेच जंबुपार किरणांचे मोठे पुंज चुलीच्या उष्णतेला परवडत नाहीत. गंमत अशी की, ही कल्पना खुद्द प्लांकनाच रुचली नव्हती. जुन्या सिद्धांताशी तिचा मेळ घालण्यात त्यांनी पुढे कित्येक वर्षे घालवली.

या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे. ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांना प्लांकच्या सूत्राची प्रचलित सिद्धता समाधानकारक वाटेना. १९२४ मध्ये त्यांनी प्रकाशाला कणांचा समूह मानून नवी सिद्धता दिली आणि ती आइन्स्टाइनना पाठवली. आइन्स्टाइननी स्वतः तिचे जर्मन भाषांतर करून ती प्रसिद्ध करवली.

आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना यातली गणिते कदाचित झेपणार नाहीत. पण एवढे तर खचित कळते की, प्रतिष्ठित सिद्धांत आणि तापलेले लोखंड यांत वाद झाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी अखेर लोखंडाचे म्हणणे मानले. स्वतःला न रुचणारे सत्य मान्य करण्याचे हे धैर्य कोणत्याही विद्याशाखेला हवेच आहे.