बाझल : रात्री झोपता कुठे?

बाझलला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही पहिली सूचना देतो ती विमानतळाची. सामान घेतलंत की स्वित्झर्लंडची पाटी असलेल्या दारानं बाहेर पडा, दुसऱ्या दाराकडे वळू नका. शहरात येणारी ५० नंबरची बस पहिल्या दारापाशीच उभी असते. गंमत म्हणजे अख्खा विमानतळच फ्रान्सच्या जमिनीवर आहे. १९४९च्या करारानं फ्रान्सनं जागा दिली आणि स्विस मंडळींनी बांधकाम केलं. शहरातल्या बादिशर स्टेशनाची गत नेमकी उलटी. जमीन स्विस, स्टेशन जर्मन रेल्वेचं.

लाल दगडाचं कॅथेड्रल, १४६०चं विद्यापीठ, इंजिनाशिवाय निव्वळ प्रवाहाच्या जोरावर ऱ्हाईन ओलांडणाऱ्या होड्या, हे सगळं तुम्ही बघालच. रॉशचे दोन पांढरे मनोरे तर न बघून चालणारच नाही, ते कुठूनही दिसतात. आपली बरीचशी मंडळी इथे आली ती औषध कंपन्यांमुळे. आणि त्यांच्याबरोबर रोज सकाळी तीस हजारांहून जास्त माणसं जर्मनी-फ्रान्समधून कामाला येतात, संध्याकाळी परत जातात. पायांना सीमा जाणवत नाही. करखात्याला जाणवते, आणि त्याचा प्रश्न एकच असतो: रात्री झोपता कुठे?

जर्मनीत राहून इथे नोकरी करणाऱ्याच्या पगारातून स्वित्झर्लंड फार तर साडेचार टक्के कापतं. ते जमेला धरून उरलेला कर जर्मनी घेते. फ्रान्सशी १९८३ साली वेगळा करार झाला: कर फ्रान्सनं घ्यायचा आणि एकूण पगाराच्या साडेचार टक्के रक्कम स्वित्झर्लंडला द्यायची. जिनिव्हात हे लागू नाही, तिथे कर जागेवरच कापतात. पण ही सवलत रोज घरी परतणाऱ्यांसाठी. कामासाठी वर्षात ६०पेक्षा जास्त वेळा जर्मनीतल्या घरी परतला नाहीत, किंवा फ्रान्सच्या बाबतीत ४५ रात्रींच्या वर गेलात, की गणित बदलतं. जर्मनीतल्या लोराखला राहणाऱ्या आमच्या एका वहिनींच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. त्यावर एकादशी-संकष्टीच्या शेजारी निळ्या पेनानं गोल केलेले दिसतात. भाऊजी कामानिमित्त हॉटेलात झोपले त्या रात्री!

नवीन आलेली मुलं फ्रान्समधल्या सँ-लुईची घरभाडी बघून हरखतात. त्यांना आधीच सांगून ठेवतो, भारतीय पासपोर्टवर हे इतकं सरळ नाही. सीमेपलीकडून येण्याचा 'जी' परवाना हवा असेल तर शेजारच्या देशातला कायम वास्तव्याचा हक्क लागतो, शिवाय सीमापट्ट्यात आधी किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं. भाडं वाचवायच्या नादात नोकरीचा परवानाच धोक्यात आलेला मी पाहिला आहे.

माझी स्वतःची चूक मात्र भाड्याची नव्हती, सणाची होती. आईचा आग्रह म्हणून दसरा करून ऑक्टोबरात निघालो. भारताचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. ३० सप्टेंबरला त्याचे १८३ दिवस भरतात आणि निवासी ठरायला १८२ पुरतात. त्यामुळे त्या वर्षी मी तिकडच्या कायद्यानं निवासी ठरलो आणि इकडे आल्यापासून इथलाही. बाझलचा पगार भारताच्या विवरणपत्रात दाखवा, मग दोन देशांतल्या कराराच्या आधारानं कायमचं घर कुठे, कुटुंब कुठे, हे सिद्ध करा. सीएची फी बघून आई म्हणाली, "आपट्याची पानं म्हणजे सोनं, ते हे असं होय!"

इथल्या विवरणपत्रातही जगभरची मिळकत दाखवायची असते. पुण्यातल्या फ्लॅटवर इथे कर लागत नाही, पण तुमच्या कराचा दर ठरवताना तो धरतात. तिकडच्या ठेवी मात्र इथल्या संपत्तीकराच्या हिशेबात येतात. "तो फ्लॅट बाबांच्या नावावर आहे" हे वाक्य आमच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं.

शनिवारी आठ नंबरच्या ट्रामनं एकदा जरूर जा. २०१४पासून ती सीमा ओलांडून जर्मनीतल्या वाइलपर्यंत जाते. परतीच्या ट्राममध्ये पिशव्या, पिशव्यांत डाळी-दही, आणि स्विस रहिवाशांच्या हातात जर्मन कस्टमचा शिक्का मारलेला कागद. ५० युरोंच्या वरच्या खरेदीवरचा जर्मन कर त्यावर परत मिळतो. १ जानेवारी २०२५पासून मात्र इकडे करमाफ सामान आणायची मर्यादा माणशी ३०० फ्रँकवरून १५०वर आली. 'माणशी' हा शब्द महत्त्वाचा. तेव्हापासून सासूबाईंनाही वाइलची हवा मानवू लागली आहे.

आणि हो, रात्रींचा हिशेब तुमच्याही वाट्याला आहेच. हॉटेलवाले रात्रीगणिक पाहुणेकर लावतात. त्याच्या बदल्यात बाझलकार्ड मिळतं, त्यावर शहरातल्या ट्राम-बस फुकट. ते मागून घ्या. आमच्यापैकी कुणाच्या घरी उतरणाऱ्यांना कर नाही आणि कार्डही नाही, त्यांनी ट्राममध्ये चढण्याआधी तिकीट काढावं.