फलक एका कंपनीचा, ब्रेकर दुसरीचा : वीजसुरक्षेतील एक दुर्लक्षित प्रश्न

ठाणे जिल्ह्यातील घोडबंदर रस्त्यालगत, एका बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वन आणि दुसऱ्या बाजूस उल्हास नदीच्या खाडीचा काठ, अशा ठिकाणी चेणे हे गाव वसले आहे. मिरा-भाईंदर नगरपालिका १९८५ मध्ये स्थापन झाली व २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. चेणे हे गाव आज ह्याच महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बी.एस.ई.एस. कंपनीचा वितरण-व्यवसाय २०१८ पासून अदानी समूहाकडे आहे आणि चेणे त्याच वितरणक्षेत्रात येते.

कंपनी कोणतीही असो, तिची जबाबदारी पुरवठ्याच्या बिंदूपर्यंत, म्हणजे सामान्यतः मीटरपर्यंत असते. मीटरच्या पलीकडील वायरिंग, वितरण फलक आणि त्यातील सर्किट ब्रेकर यांची जबाबदारी घरमालकाची, शाळेची किंवा कार्यालयाची असते. एका कंपनीच्या फलकात दुसऱ्या कंपनीचा ब्रेकर चालेल काय, हा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो.

हा प्रश्न निर्माण का होतो ?

गावातील घर बहुधा एकदम पूर्ण बांधले जात नाही. आधी दोन खोल्या, मग पडवी, मग वरचा मजला, असे ते वाढत जाते. विजेची मांडणीही तशीच वाढते. प्रथम चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात. पुढे फ्रिज, पाण्याचा पंप, गीझर येतात आणि किटकॅटच्या जागी 'एम.सी.बी.' म्हणजे छोटे सर्किट ब्रेकर बसविले जातात. अशा छोट्या ब्रेकरचे पेटंट जर्मनीतील मानहाइमच्या श्टोट्झ कंपनीने १९२४ मध्ये घेतले होते. काही वर्षांनी त्यांतील एखादा निकामी होतो आणि दुकानात त्या दिवशी जो मिळेल तो त्याच्या जागी बसतो.

तो बसतो, कारण बसण्यापुरते माप सर्वत्र सारखे आहे. भारतात व युरोपात हे ब्रेकर ३५ मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर अडकविले जातात आणि एका पोलच्या ब्रेकरची रुंदी सुमारे १८ मिलिमीटर असते. अमेरिकेत रीत निराळी आहे. तेथे ब्रेकर फलकातील जिवंत पट्टीवर थेट खोचला जातो आणि कोणते ब्रेकर चालतील हे फलकाच्या दारावरील चिठ्ठीत छापलेले असते. त्याबाहेरचा ब्रेकर वापरणे नियमबाह्य ठरते. आपल्याकडे सर्व ब्रेकर पट्टीवर बसत असल्यामुळे ते परस्परांना पर्यायी आहेत, असा समज सहज होतो. वस्तुतः बसणे आणि जुळणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

न जुळण्याचे प्रकार

पहिला प्रकार सांध्याचा. एका ओळीतील ब्रेकरना फेज पुरविण्यासाठी कंगव्यासारखी तांब्याची पट्टी वापरतात. तिचे दात काही बनावटींत सरळ असतात, तर काहींत दुभंगलेले. ब्रेकरच्या टर्मिनलची उंचीही कंपनीगणिक थोडी बदलते. परका ब्रेकर बसविताना पट्टी वाकविली किंवा दात कानशीने घासले, तर सांधा ढिला राहतो. ढिल्या सांध्यात उष्णता वाढते, उष्णतेने तो आणखी सैल होतो व अखेर ठिणग्या पडू लागतात. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत धातूवर गंज लवकर चढतो, त्यामुळे ही क्रिया अधिक वेगाने होते. ब्रेकर अशा वेळी पडतोच असे नाही. कारण प्रवाह वाढलेला नसतो, वाढलेली असते ती सांध्यातील उष्णता.

दुसरा प्रकार उष्णतेचा. ब्रेकरचे मापन ३० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून केलेले असते. बंद पेटीत एकमेकांस खेटून बसलेले ब्रेकर परस्परांना तापवितात. म्हणून फलकाची तपासणी त्यातील ठराविक उपकरणांसह केली जाते. वितरण फलकांसाठीच्या आय.एस./आय.ई.सी. ६१४३९ ह्या मानकानुसार बदली उपकरणाची उष्णता मूळ उपकरणापेक्षा अधिक असता कामा नये. शॉर्टसर्किटच्या बाबतीत दुसऱ्या बनावटीचे उपकरण मूळ उपकरणाच्या तोडीचे असल्याचे उत्पादकाने सांगितलेले असावे. अन्यथा फलकाची तपासणी पुन्हा करावी लागते.

तिसरा प्रकार क्षमतेचा. ब्रेकरवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला असतो. शॉर्टसर्किटच्या वेळी तो किती अँपिअरपर्यंतचा प्रवाह सुखरूप तोडू शकेल, हे त्यावरून कळते. ट्रान्सफॉर्मरजवळच्या इमारतीत हा प्रवाह मोठा असतो. तेथे कमी क्षमतेचा ब्रेकर स्वतःच फुटू शकतो. मुख्य ब्रेकर लहान ब्रेकरला आधार देईल असे काही कंपन्या कोष्टकाद्वारे सांगतात. पण ते कोष्टक तपासलेल्या जोड्यांपुरतेच खरे असते. दोन कंपन्यांची जोडी त्यात बहुधा नसते.

अक्षराचा आणि आकड्याचा अर्थ

ब्रेकरवर 'सी १६' असे लिहिलेले असते. त्यातील १६ हा अँपिअरचा आकडा होय. आय.एस./आय.ई.सी. ६०८९८ ह्या मानकानुसार असा ब्रेकर सुमारे १८ अँपिअरला तासभर पडू नये आणि सुमारे २३ अँपिअरला तासाच्या आत पडावा. अक्षर तत्काळ पडण्याची मर्यादा दाखविते : 'बी' प्रकार आकड्याच्या ३ ते ५ पट, 'सी' ५ ते १० पट आणि 'डी' १० ते २० पट प्रवाहाला. म्हणजे 'सी १६' हा ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडतो, तर 'डी १६' ला १६० ते ३२० अँपिअर लागतात. लाइनच्या शेवटच्या टोकावरील पाड्यात दोषप्रवाह मुळातच कमी असतो. तेथे 'सी' च्या जागी 'डी' बसविला, तर तो वेळेवर पडणार नाही.

ह्याहून घातक चूक म्हणजे वारंवार पडणाऱ्या १६ अँपिअरच्या ब्रेकरऐवजी ३२ अँपिअरचा बसविणे. ब्रेकर बदलला तरी भिंतीतील तार तीच राहते. ब्रेकर तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, ह्याचा विसर पडल्यास फलक व ब्रेकर एकाच कंपनीचे असूनही उपयोग नाही.

गळतीरक्षक आणि सौर संच

विजेचा धक्का टाळण्यासाठी 'आर.सी.सी.बी.' हे गळतीरक्षक उपकरण लावतात. घरगुती जोडणीसाठी त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअर असावी. हे उपकरण जादा भारापासून संरक्षण देत नाही. त्याच्याबरोबर कोणता एम.सी.बी. चालेल हे उत्पादक सांगतो. त्याच्या मागील न्यूट्रल तारा वेगळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर ते विनाकारण पडत राहते आणि मग कंटाळून लोक ते काढून टाकतात.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेमुळे २०२४ पासून घरांच्या छतांवर सौर संच बसू लागले आहेत. पॅनेलकडून येणारी वीज एकदिश असते. नेहमीच्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि तेव्हा ब्रेकरमधील ठिणगी विझते. एकदिश प्रवाहात तसे होत नाही. म्हणून तेथे खास एकदिश प्रवाहाचाच ब्रेकर हवा आणि त्यावरील धन-ऋण खुणा पाळावयास हव्यात.

खरेदी करताना व बदलताना

शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. ब्रेकरवर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह असावे.

२. जुन्या ब्रेकरचा आकडा, अक्षर, पोलची संख्या व चौकटीतील क्षमता लिहून घेऊन मगच नवा मागवावा. शक्यतो त्याच कंपनीचा व त्याच मालिकेचा घ्यावा.

३. दुसऱ्या कंपनीचा घ्यावा लागल्यास तो फलकात चालेल असे फलकाच्या उत्पादकाकडून लेखी घ्यावे. तसे न मिळाल्यास सर्व ब्रेकरसह फलकच बदलणे श्रेयस्कर.

४. निविदेत फलक व ब्रेकर ह्या वेगळ्या बाबी न मागता तपासलेला संपूर्ण संच मागवावा.

५. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावे, सांधे ठरलेल्या जोराने आवळावेत आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी वीज बंद करून ते तपासून घ्यावेत.

६. गळतीरक्षकाचे चाचणीचे बटन नियमित दाबून पाहावे. शिक्षकांना हे विद्यार्थ्यांसमोर दाखविता येईल.

ब्रेकरची किंमत घरातील इतर विजेच्या वस्तूंच्या मानाने अल्प असते. मात्र त्या सर्व वस्तूंची आणि घरातील माणसांची सुरक्षितता त्याच्यावर अवलंबून असते. केवळ पट्टीवर बसतो म्हणून ब्रेकर न स्वीकारता तो फलकाशी, तारेशी व जागेशी जुळतो काय हे पाहण्याची सवय लागली, तर अनेक दुर्घटना घडण्यापूर्वीच टळतील.