बारावीनंतर डिजिटल मार्केटिंग : फी भरण्याआधीचा पाठ



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मुलाला डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करायचाय, फीला मदत होईल का?" मागच्या वर्षी एका मुलीच्या वडिलांनी त्यासाठी भात विकून आलेले पैसे बाजूला ठेवले होते. कोर्सवाल्यांनी फोनवर नोकरीची शंभर टक्के हमी दिली होती. कागदावर मात्र 'मार्गदर्शन' एवढाच शब्द होता. ती फी आम्ही भरू दिली नाही. त्या मुलीला जे सांगितले तेच इथे थोडे सविस्तर मांडतो. पालकांनी आणि शिक्षणाला हातभार लावणाऱ्यांनी हा पाठ मुलांसोबत बसून वाचावा.

आधी हे काम नेमके काय, ते पाहू. रील बनवणे म्हणजे डिजिटल मार्केटिंग, असा मुलांचा समज असतो. रील हा त्यातला लहानसा भाग. एखादी वस्तू हवी असलेला माणूस मोबाईलवर शोध घेत असतो. त्याच्यासमोर योग्य माहिती ठेवणे, आणि त्यातून किती जण आले, कितींनी घेतले याचा हिशोब ठेवणे, हे खरे काम. गुगलच्या शोधात आपले पान वर दिसावे म्हणून नीट लिहिणे (याला एसईओ म्हणतात), पैसे देऊन जाहिरात चालवणे, इन्स्टाग्राम-यूट्यूब सांभाळणे, ग्राहकांना संदेश पाठवणे, आकडे वाचणे, अशा त्याच्या शाखा आहेत. पहिल्या वर्षी सगळ्या धरू नयेत. लिहायची आवड असेल त्याने एसईओ धरावे, गणिताची असेल त्याने जाहिराती.

शिकण्याची सुरुवात एका खऱ्या दुकानापासून करावी. गावातले सायकल दुरुस्तीचे दुकान, बचत गटाची पापड-लोणची, काहीही चालेल. 'गुगल बिझनेस प्रोफाइल' मोफत उघडता येते. नाव, पत्ता, वेळ, फोन, दुकानाचे खरे फोटो एवढे भरून पडताळणी झाली की दुकान नकाशावर दिसू लागते. खाते मात्र दुकानदाराच्याच नावाने उघडावे आणि विद्यार्थ्याने त्यात व्यवस्थापक म्हणून राहावे. पुढे विद्यार्थी नोकरीला गेला तर दुकानदार अडकून पडत नाही. मित्रांकडून खोटे पाच तारे लिहून घेऊ नयेत. ते गुगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि गिऱ्हाइकाची फसवणूक तर आहेच.

आता वर्णन लिहिण्याचे उदाहरण घेऊ. डहाणू-जव्हारकडची मुलगी वारली चित्रे विकायला मदत करते आहे. 'सुंदर वारली पेंटिंग, उत्तम दर्जा' असे कोणीही लिहील. तिला मात्र माहीत आहे की लग्नाचा चौक सवासिनी लिहितात, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग गेरूच्या भिंतीवर उठतो, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग गोल वळत जाते. चित्र हाताने काढलेले आहे की छापील, कापडावर की कागदावर, लांबी-रुंदी किती, काढणारे कोण, हे तिने सरळ लिहावे. वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी छापील नक्षी 'वारली' म्हणून बाजारात विकली जातेच. अशा ठिकाणी खरे वर्णन लिहिणाऱ्याच्या शब्दाला किंमत आहे, आणि ते लिहायला शहरातल्या एजन्सीपेक्षा ही मुलगी अधिक लायक आहे.

मग हिशोब. समजा 500 रुपयांची जाहिरात दिली. ती 10,000 वेळा दिसली, 100 जणांनी त्यावर बोट ठेवले आणि 4 जणांनी चित्र घेतले. म्हणजे एका भेटीला 5 रुपये पडले आणि एका विक्रीला 125. एका चित्रामागे नफा 90 रुपये असेल तर दर विक्रीला 35 रुपयांचा तोटा! इथे नवशिका जाहिरातीचे पैसे वाढवतो. जाणता आधी पान उघडून बघतो : टपालखर्च लिहिलाय का? फोटोत आकार कळतो का? तेवढी दुरुस्ती करून त्याच 500 रुपयांत 10 चित्रे गेली तर विक्रीचा खर्च 50 वर येतो आणि दर चित्रामागे 40 रुपये सुटतात. मुलाखतीत असा एक हिशोब स्वतःच्या अनुभवातून सांगता आला, तर तो प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतो. गुगल ॲड्सचे खाते उघडायला वय 18 पूर्ण लागते, हे बारावीच्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

अभ्यासासाठी गुगलचे 'स्किलशॉप' आणि 'हबस्पॉट अकॅडमी' इथे मोफत पाठ आणि प्रमाणपत्रे आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वरही शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. बरेचसे साहित्य इंग्रजीत आहे, हे खरे. रोज एक पान शब्दकोश घेऊन वाचावे, दुसरा उपाय नाही. मोबाईलवर सुरुवात होते, पण पुढे संगणक आणि दोन्ही भाषांचे टंकलेखन लागतेच. पदवीही सोडू नये. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करत ती पुरी करता येते.

एक धोका मात्र मोठा आहे. 'व्हिडिओला लाईक करा, घरबसल्या कमवा' असे संदेश टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर येतात. पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरेच मिळतात, मग मोठ्या कामासाठी पैसे भरायला सांगतात आणि ते बुडतात. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

मदत करणाऱ्यांपैकी कोणाचे दुकान, दवाखाना किंवा शिकवणी असेल, त्यांनी फीऐवजी दोन महिन्यांचे काम द्यावे, आणि मोबदला आधीच ठरवून द्यावा.

पुढच्या अंकापर्यंतचा स्वाध्याय : जवळचे एक दुकान निवडा. दुकानदाराला विचारा, गिऱ्हाईक फोनवर सर्वांत जास्त वेळा काय विचारते? त्या पाच प्रश्नांची उत्तरे पाच-पाच ओळींत मराठीत लिहा, दुकानदाराला वाचून दाखवा आणि तो चूक दाखवील तिथे खोडा.