मिलिटरी डिस्पोजलचा ट्रक : आधी कागद, मग लोखंड



गळीत हंगाम जवळ आला की वाहतूक करारासाठी शेतकी विभागाकडे चौकशी सुरू होते. त्यात एखादा सभासद हमखास विचारतो, "साहेब, मिलिटरीचा जुना शक्तिमान मिळतोय. चारी चाकं ओढतात. उसाच्या रानात चालंल का?" रानात चालेल. प्रश्न रस्त्यावरचा आहे.

शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला तयार होऊ लागलेला ट्रक. पुढे सैन्यात त्याची जागा स्टॅलियनने घेतली. सैन्यात असताना अशा गाडीची नोंद संरक्षण खातेच करते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६० प्रमाणे ती संरक्षणाच्या कामातून निघाली की तिला तुमच्या-आमच्या गाडीसारखीच नोंदणी लागते. म्हणजे बाणाच्या खुणेचा लष्करी नंबर तुमच्या हाती आल्यावर उपयोगाचा नाही. आर.टी.ओ.कडे नवी नोंद, मालवाहतुकीचा परवाना, फिटनेस, विमा आणि पी.यू.सी. हवेच. जुन्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी काढावे लागते. हिरवा लष्करी रंगही बदला. नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना.

विक्रीपत्र नीट वाचा. गाडी चालवण्यासाठी विकली की भंगार म्हणून? १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी चालू राहत नाही, त्या अधिकृत भंगार केंद्रात द्याव्या लागतात. सैन्याच्या कामगिरीवरच्या चिलखती व खास गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. भंगारात गेलेल्या गाडीवर पैसा घालू नका, मग इंजिन कितीही गोड वाजो. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः ताडून पाहा.

"गावातल्या गावात तर फिरवायची" असे म्हणून चालत नाही. नोंद नाही तर धड विमा नाही. अपघातात माणूस गेला आणि विमा नसला, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. ती भरली नाही, तर न्यायाधिकरण कलम १७४ खाली कलेक्टरकडे दाखला पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. थकबाकी कशी वसूल होते हे सातबारावाल्याला सांगायला नको.

आता लोखंडाकडे. पुढच्या चाकांचा गिअर चिखलात टाकायचा, डांबरीवर काढायचा. गाडी वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. बैलगाडी वळवताना बाहेरचा बैल जास्त चालतो; त्याचा पाय आतल्याच्या पायाला बांधला तर काय होईल? चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. डांबरीवर घसरत नाही, मग सगळा पीळ जॉइंट आणि गिअरवर येतो. याच कारणाने चारी बाजूंचे टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत.

डेपोत उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर दिसायला नवा असतो, पण रबर म्हातारे झालेले असते. बाजूच्या भेगा पाहा, शिक्क्यातल्या चार आकड्यांवरून आठवडा व साल वाचा. ब्रेकची रबरे न विचारता बदला, जुने ब्रेक ऑईल पूर्ण काढा. डिझेल टाकी उतरवून गंज धुवून घ्या, नाहीतर फिल्टर बदलण्यातच हंगाम जाईल.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे चाक. काही लष्करी चाके बोल्टने जोडलेल्या दोन तुकड्यांची असतात. हवा असताना चुकून तेच बोल्ट सैल केले तर चाक फुटून माणूस जागेवर जातो. आधी व्हॉल्व काढून पूर्ण हवा सोडा, मगच पाना लावा. पंक्चरवाल्याला हे माहीत असेलच असे धरू नका.

"पाच टनी" या नावावर ऊस भरू नये. आर.सी.वर लिहिलेले वजन तेच खरे. एकूण वजन ७,५०० किलोच्या वर असेल तर ड्रायव्हरकडे त्या वर्गाचा परवाना आहे का पाहा.

करारासाठी गट कार्यालयात येताना आर.सी., परवाना, फिटनेस, विमा आणि ड्रायव्हरचे लायसन्स मूळ प्रतीसह आणावे. फक्त लिलावाची पावती आणणाऱ्या गाडीला करार मिळणार नाही.