संहितारूप पायाभूत सुविधा : आवृत्तीबदल आणि दक्षता

पूर्वी सर्व्हर, नेटवर्क व डेटाबेस यांची मांडणी अभियंते हाताने करीत. आता ती मांडणी फाइलींत लिहून ठेवली जाते आणि एखादे साधन त्याबरहुकूम यंत्रणा उभारते. या पद्धतीस 'संहितारूप पायाभूत सुविधा' म्हणता येईल. हॅशिकॉर्प या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये प्रसृत केलेले टेराफॉर्म हे तिचे ठळक उदाहरण होय.

साधनाची नवी आवृत्ती घेतल्यावर जुनी फाइल चालेनाशी होते, तेव्हा त्यास 'सुसंगतता मोडणारा बदल' म्हणतात. आवृत्तिक्रमांकाचे तीन भाग अनुक्रमे मोठा बदल, नवी भर आणि दुरुस्ती दर्शवितात. संकेतानुसार पहिला अंक बदलला की सुसंगतता मोडू शकते; तो शून्य असेपर्यंत मात्र स्थैर्याची हमी नसते.

दोन उदाहरणे

मे २०१९ मध्ये आलेल्या टेराफॉर्म ०.१२ ने भाषेचे नियम कडक केले. उदाहरणार्थ, पूर्वी 'टॅग्ज' या शब्दानंतर थेट कंस उघडलेला चालत असे. आता मध्ये बरोबरचे चिन्ह आवश्यक ठरले. फाइली नव्या रूपात आणण्यासाठी स्वतंत्र आज्ञाही देण्यात आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेझॉनच्या सेवांसाठीच्या जोडघटकाची ४.० आवृत्ती आली. तीत एस-३ साठवणुकीच्या एकाच घटकातील अनेक तरतुदी स्वतंत्र घटकांत विभागल्या गेल्या. वापरकर्त्यांवरील भार मोठा असल्याने पुढे ४.९ मध्ये हा बदल सौम्य करण्यात आला.

दक्षतेचा क्रम

१. प्रथम आवृत्ती बदलण्याविषयीची अधिकृत मार्गदर्शिका वाचावी.

२. जुन्या आवृत्तीनेच 'प्लॅन' ही आज्ञा चालवून 'बदल नाही' असे उत्तर येते याची खात्री करावी. तसे नसेल, तर पुढील फरक नव्या आवृत्तीमुळे पडला की आधीपासूनच होता, हे कळणार नाही.

३. प्रत्यक्ष यंत्रणेची नोंद ठेवणाऱ्या स्थिती-फाइलीची प्रत राखावी.

४. मुख्य साधन व जोडघटक एकाच वेळी न बदलता एकेक पायरी चढावी. प्रत्येकाची आवृत्ती फाइलीत निश्चित करावी.

५. प्रथम चाचणी-यंत्रणेवर 'प्लॅन' पाहावा. त्यात एखादा घटक 'नष्ट करून नव्याने निर्माण' होणार असल्याचे दिसल्यास थांबावे. तो घटक डेटाबेस असेल, तर त्यातील माहितीच नष्ट होण्याचा धोका असतो.

६. 'प्लॅन' पुन्हा 'बदल नाही' असे दर्शवील, तेव्हाच प्रत्यक्ष सेवेवर आवृत्ती बदलावी.

जून २०२१ मधील १.० आवृत्तीपासून, १ या अंकाच्या मालिकेत सुसंगतता राखण्याचे वचन देण्यात आले. तथापि जोडघटकांच्या आवृत्त्या स्वतंत्रपणे बदलतात. त्यामुळे मुख्य साधन स्थिर झाले, तरी वरील दक्षतेची गरज संपत नाही.